गोजराबाईंच्या खोलीचा रंग

गोजराबाईंना आयुष्यात रंगांचा तुटवडा कधी पडला नाही. नवऱ्यामागे मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी झेंडू, शेवंती काढली, पहाटे टोपल्या भरून बाजारात नेल्या आणि पोराला इंजिनियर केलं. त्या पोरानं, योगेशनं, गंगापूर रोडला फ्लॅट घेतला आणि पांढऱ्या रंगापाशी त्याचं घोडं अडलं.

साधा पांढरा चालणार नव्हता. तो म्हणे दवाखान्यासारखा दिसतो. म्हणून हॉलच्या भिंतीवर चार पट्टे मारून घेतले. एक मोत्याचा, एक सायीचा, एक हस्तिदंताचा, आणि चौथ्याचं इंग्रजी नाव इतकं लांब, की ते म्हणेस्तोवर पट्टा वाळावा. योगेश आणि त्याची बायको वेदिका सकाळी पट्ट्यांसमोर उभे राहत, संध्याकाळी दिवे लावून उभे राहत, फोटो काढून मित्रांना पाठवत. लग्नाची मुलगी पसंत करायला याच पोराला एक कप चहा पुरला होता.

एकदा वेदिकानं सासूबाईंनाही विचारलं, तुम्हाला कुठला आवडतो. गोजराबाईंना चारही पट्टे तांदळाच्या धुवणासारखे दिसत होते. त्या एवढंच म्हणाल्या, की हॉलचं तुमचं तुम्ही बघा, माझ्या खोलीला मात्र झेंडूचा पिवळा द्या. सकाळी डोळे उघडल्यावर समोर काहीतरी दिसलं पाहिजे. दोघं एकमेकांकडे पाहून हसले. मग योगेशनं आईला समजावलं, की घरभर एकच रंग हवा, मध्येच पिवळं आलं तर डोळ्याला खुपतं. ज्या पिवळ्यावर हा लहानाचा मोठा झाला, तोच आता याला खुपायला लागला होता. गोजराबाईंना ते हसणं फार लागलं. त्या ते विसरल्या नाहीत.

शेवटी ते लांब नाव जिंकलं आणि सगळ्या घराला लागलं, गोजराबाईंच्या खोलीलासुद्धा. वास्तुशांतीला झाडून सगळी भावकी आली. योगेश भिंतींचं कौतुक ऐकायला कान टवकारून उभा होता. गोजराबाईंचे थोरले दीर, कारभारीआबा, जेवण उरकून सुपारी कातरत हॉलभर फिरले. भिंतीवरून तळवा फिरवला आणि पसंतीची मान हलवली.

"पहिला हात बरा बसलाय," ते म्हणाले. "रंग कधी मारायचा हाय?"

पंगतीतल्या बायकांनीही तेच विचारलं. मुहूर्त गाठायचा म्हणून घाईघाईत नुसतं अस्तर मारलंय, अशीच सगळ्यांची समजूत. वेदिकाचा चेहरा उतरला. योगेश ते इंग्रजी नाव सांगायला गेला आणि अर्ध्यातच ओशाळून थांबला. त्यानं आईकडे पाहिलं. ही तरी आपली बाजू सावरेल.

गोजराबाईंनी हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं. पोराची झाली एवढी फजिती पुरे, असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"हॉलचा झालाय आबा, त्यांना असाच आवडतो," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीचा तेवढा ऱ्हायलाय. झेंडूचा पिवळा देणार हाय योगेश. उद्या मारणार ना रे?"

सगळी पंगत योगेशकडे बघायला लागली. आबांची सुपारी कातरायची थांबली.

"हो," योगेश म्हणाला. "उद्याच."