चाळीस पानी सेनापती

अमेरिकेच्या एका नामांकित सेनापतीचं चरित्र वाचल्यामुळे आमच्या घरच्या पायलीभर गव्हाच्या कुरडया गेल्या. चरित्र अवघं चाळीस पानांचं होतं. (जाड असतं तर मी वाचलंच नसतं आणि कुरडया वाचल्या असत्या!)

मी हिमायतनगरात शिक्षक. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. बायकोनं, म्हणजे शोभानं, तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. पोरीच्या सासरी, नांदेडला डबा पाठवायचा होता. "तुमच्याकडं कुरडया अशाच काळपट होतात का हो?" असं विहीणबाई मागच्या साली हसत हसत बोलल्या होत्या. म्हणजे प्रश्न अब्रूचा होता!

"मी आंघोळ करून येते. वानरं लई येऊन राहिलेत. काठी घेऊन वर बसा," शोभा म्हणाली.

"हाव," म्हणालो. पण काठी काय, कोणीही धरतं! आमचा सेनापती शत्रूवर समोरून कधी गेलाच नव्हता. समुद्रातून वळसा घालून तो थेट पाठीमागं उतरला होता. आमच्याकडं समुद्र नाही. पण शेजारच्या गोदाकाकूंच्या घरावर पत्रे होते. वानरं तिकडूनच यायची. काठी गच्चीच्या दाराशी ठेवली, शत्रूला दिसू नये म्हणून कपाळापासून गुडघ्यापर्यंत मातकट घोंगडी पांघरली आणि कठडा ओलांडून पत्र्यावर दबा धरून बसलो.

मे महिन्याचे पत्रे! सेनापतीला हे कोणी सांगितलंच नव्हतं! तळवे पोळले, गुडघे पोळले, बसायची जागा तर पार भाजून निघाली. मी धडाधडा नाचलो आणि एका उडीत कठड्यावरून आमच्याच गच्चीवर, कुरडयांच्या बरोब्बर मध्ये उतरलो.

पत्र्याचा आवाज ऐकून शोभा ओल्या केसांनी धावत वर आली. दारातच काठी होती.

"मेल्या! माझ्या कुरडया!" पहिला रट्टा पाठीत बसला.

"अगं थांब! मी हाय, मी!"

"अगं बाई! हे वानर तर बोलून राहिलंय!" दुसरा रट्टा.

खालून गोदाकाकू ओरडल्या, "हाण शोभे, सोडू नको! माझे पत्रे वाकवले त्यानं!"

तिसऱ्या रट्ट्याला घोंगडी घसरली. शोभानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पायांखालच्या चुऱ्याकडं.

"वानरांनी निदान खाल्ल्या तरी असत्या हो!"

पाण्याच्या टाकीवर पाच-सहा वानरं रांगेत बसली होती. त्यातलं एकही खाली उतरलं नाही.

शोभानं पुन्हा गहू भिजवले. या वेळी गच्चीवर तिनं दोन काठ्यांचं बुजगावणं उभं केलं आणि त्याला माझा शाळेचा सदरा घातला. चार दिवस एकही वानर फिरकलं नाही! डबा नांदेडला गेला. विहीणबाईंनी फोनवर विचारलं, "लई पांढऱ्या झाल्या हो यंदा! राखण कोणी केली?"

"ह्यांच्या सदऱ्यानं," शोभा म्हणाली. "लई कामाचा हाय तो. फक्त आत हे नसले पाहिजेत!"