ताज्या चुन्याची भिंत

अक्कलकोटच्या पुढचं आमचं गाव सोडलं त्या सकाळी मामा स्वतः टेम्पो घेऊन आला होता. मेंढरं आधीच विकली होती. टेम्पोत चढताना आई सारखी म्हणत होती, "अण्णा हाय की तितं, मग कसली काळजी?" अण्णा म्हणजे हाच मामा, तिचा थोरला भाऊ. तो सोलापुरात वरच्या अंगाला नव्या कॉलनीत राहायला गेला होता आणि नाल्याकाठचं जुनं घर त्यानं आम्हाला दिलं होतं. दिलं म्हणजे मेंढरांचा सगळा पैसा घेऊन दिलं. तरी तेव्हा तो आम्हाला देवमाणूस वाटला.

गावाकडच्यांनो, आमचे आप्पा तुम्हाला ठाऊक आहेत. मेंढरं बसवण्याआधी ते ओढ्याकाठच्या बाभळी बघायचे. फांद्यांत जिथवर जुना काडीकचरा अडकलेला, तिथवर कधीतरी पाणी आलेलं. मुक्काम त्याच्या वर. सोलापुरातही सामान उतरवायच्या आधी ते नाल्यावर जाऊन आले. दोन्हीकडं काँक्रीट, झाड एकही नाही. मग त्यांनी मामालाच विचारलं, "पाणी कुटवर येतंय?"

"दाजी, एवढी वर्षं राहिलो हितं. उंबऱ्याला कदी लागलं न्हाय."

आप्पांनी घर पाहिलं. भिंतीला ताजा चुना होता. "आपल्यासाठी रंगवून ठेवलंय बघ," ते खुशीत मला म्हणाले. जन्मभर ओढे वाचलेला माणूस चुन्याला भुलला.

नंतर आम्ही शहराचे झालो. आप्पा एका गोडाऊनवर वॉचमन झाले. मी घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवायला लागले. माझ्या बोलण्यात शिफ्ट, ऑर्डर, अर्जंट असले शब्द आले. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. नाल्यात तर सांडपाण्याची नुसती रेघ असायची. आई म्हणायची, यापेक्षा आपला ओढा बरा होता.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी वळीव वरच्या अंगालाच कोसळला. आमच्याकडं चार थेंब पडले. मी मशीनवर होते, तेवढ्यात आप्पा बाहेरून ओरडले, "उटा, ओढा आला!" इतक्या वर्षांनी त्यांनी नाल्याला ओढा म्हटलं. आम्ही शेजारच्या अमीनाचाचींच्या जिन्यावर पोचेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. जून महिन्यासाठी शिवून ठेवलेले निळे शर्ट दारातून एकेक करून बाहेर गेले, आणि मशीन बुडालं.

दुसऱ्या दिवशी भिंत धुताना चुन्याचे पोपडे निघाले. चुन्याखाली माझ्या छातीइतक्या उंचीवर गाळाचा तपकिरी पट्टा होता. त्याच्या वर आणखी एक, त्याहून जुना. अमीनाचाची हळू आवाजात म्हणाल्या, "मामू बोले नै क्या तुमकू? इसी वास्ते तो घर छोड़के गए वो."

आप्पांनी दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ओढ्याचा राग न्हाय. ओढा कुटं आपला सोयरा हाय?"

मला मात्र राग आहे, अजून आहे. पाण्यानं फसवलं असतं तर मी विसरले असते. शहरात येणाऱ्यांनो, आपल्या माणसानं दाखवलेली जागासुद्धा परक्यांना विचारून घ्या. गावचं घर आम्ही मोडून आलो, इथलं अजून ओलं आहे. कुठंतरी भाड्यानं खोली मिळेल आणि तिला मी घर म्हणेन. आईचं तसं नाही. आजी-आजोबा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे तो एकटा भाऊ होता.

तिसऱ्या दिवशी मामा आला, हातात चादरी घेऊन. दारातूनच म्हणाला, "सांगितलं असतं तर आला असता का तुमी? तुला जवळ आणायचं हुतं गं."

आई गाळ उपसत होती. तिनं हात धुतले, एकच कोरडं स्टूल होतं ते पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"बसा पाव्हणं," ती म्हणाली. "चहा टाकते."