कूलरच्या स्टँडचं डिझाइन

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वजनाला हात लावायचा नाही आणि उकाड्यात राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रताप नगरच्या आमच्या घरी त्यांच्या खिडकीबाहेर, गॅलरीत कूलर लागतो. त्याचा जुना स्टँड गंजून गेला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाजारात तयार मिळतो, घेऊन या. बाबांना तो जवळजवळ अपमानच वाटला. लोखंडी शेडची डिझाइनं करणारी मुलगी घरात असताना बाजारात कशाला जायचं? मलाही जरा चढलं.

ऑफिसच्या संगणकावर मी थाटात मॉडेल केलं. भरल्या टाकीचं वजन, पंख्याची थरथर, पाय वाकतील का, सगळं तपासलं. आणखी दोन कूलर ठेवले असते तरी पाय मोडले नसते.

पावसाळा लागला की कूलर आणि स्टँड दोन्ही माळ्यावर जातात, म्हणून स्टँड सुटा होणारा हवा होता. मी वेल्डिंग टाळलं आणि प्रत्येक जोडाला एकेकच बोल्ट दिला. मॉडेलमध्ये मात्र ते जोड वेल्ड केल्यासारखे पक्केच धरलेले राहिले, म्हणून तिरपी पट्टी लागेल असं दिसलंच नाही. एका बोल्टाभोवती लोखंडी अँगल बिजागरीसारखा फिरतो, आणि तिरपी पट्टी नसेल तर सगळा चौकोन कलतो. हे मी ऑफिसातल्या नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, तेही जरा नाक वर करून.

स्टँड बनून आला, मी तो जोडला आणि कूलर वर चढवून घेतला. टाकी भरून बाबांनी पंखा लावला, तेव्हा मी चहा ठेवत होते. खडखडाट ऐकून धावले. स्टँड एका अंगाला कलला होता आणि बाबांनी कूलर खांद्यावर तोलून धरला होता. काकूही धावत आल्या. आम्ही दोघींनी तो कसाबसा खाली घेतला. बाबा पोट धरून फरशीवर बसले. चेहरा पांढराफटक.

काय झालं, असं काकूंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले.

"काही नाही वहिनी. माझाच धक्का लागला त्याले. पोरीनं चांगला मजबूत केला होता."

"टाके अजून ओले आहेत भाऊजी, काहून हात लावून राहिले तुम्ही?"

काकू त्यांना बराच वेळ रागावल्या. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं, तरी मी गुडघ्यावर बसून पाणी पुसत राहिले आणि काकूंना एका शब्दानं थांबवलं नाही.