गाऱ्हाणं आणि गाठ

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये 'कसे आहात' असं आता कुणी विचारत नाही. 'किती आलं?' विचारतात. बी-ट्वेल्व्ह किती आलं, थायरॉईड किती आलं. रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापला की त्या घराचा आठवडा भीतीत जातो, आणि एकही ठळक नसला तर लॅबवरच संशय. धडधाकट माणसं, चार जिने चढून येतात आणि वर येऊन सांगतात, 'मला आतून काहीतरी असणार.' ह्या मूर्खपणाचा मला संताप येतो. पण आधी माझं सांगते, कारण ह्यात माझा हात आहे.

आमची तरुणांची समिती आहे. पालिकेचा दवाखाना नीट चालावा म्हणून आम्ही पत्रकं काढतो. ती बहुतेक मीच लिहिते. एकदा एका लॅबने शिबिराची तयारी दाखवली. शुगर फुकट, बाकीची पॅकेजं सवलतीत. आम्हाला वाटलं, लोकसेवा! मी पत्रक लिहिलं: 'त्रास होत नाही? तीच धोक्याची खूण! आजच तपासा!' वा! त्रास नसणं ही धोक्याची खूण! हे लिहिताना माझा हात झडला कसा नाही?

रांगेत पहिले होते माझे बाबा. त्यांनी सगळ्यांत मोठं पॅकेज घेतलं. त्यात मानेची सोनोग्राफीही होती. निघाली एक गाठ, मसुराच्या दाण्याएवढी.

बाबा गप्प झाले. म्हणजे खरोखरच गप्प. आवाजाला ताण पडला तर गाठ फुगेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हती. बिल्डिंगमध्ये अर्धी घरं मालवण-कणकवलीकडची. वार्षिक सत्यनारायणाला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं घालायचा मान बाबांचा; दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यांनी 'बा देवा म्हाराजा' म्हटलं की रस्त्यावरचे रिक्षावालेही वळून बघत. आता तोच माणूस मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवायचा. पूजा पंधरा दिवसांवर, आणि त्यांनी सेक्रेटरींना चिठ्ठी पाठवली: 'यंदा दुसरा बघा.'

"मला गप्प करायला तीस वर्षं घालवलीत, आणि आता स्वतःच गप्प?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात शांतता आहे. मला झोप लागत नाही."

मी त्यांना ओढत ठाण्याला नेलं. नौपाड्यात एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी मान चाचपली, घोट गिळायला लावला, रिपोर्ट वाचला.

"गिळायला त्रास?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आवाज बदलला?"

नाही.

"मग मानेची सोनोग्राफी करायला सांगितली कुणी?"

बाबांनी फाईलमधून माझं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मी पंख्याकडे बघत बसले.

"कुणी लिहिलंय हे?"

आणि आठवडाभर खुणांवर भागवणारे माझे बाबा खणखणीत बोलले, "आमच्या लेकीने. चांगली लिहिते." अभिमानाने हो!

बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "भाषा छान आहे." आईने लहानपणी दिलेली थप्पडही इतकी लागली नव्हती. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "ह्या वयात माना तपासत बसलं की अशा गाठी सापडतात. ही साधी आहे. काही करायचं नाही. ओरडा, गा, भांडा."

"एकदा एमआरआय केला तर?" बाबांनी विचारलं. "मनाच्या समाधानासाठी."

"समाधानासाठी मी मशीन लिहून देत नाही. वर्षाने मला मान दाखवायला या."

परतताना बाबा नाराज. "कसली डॉक्टर? साधी एक टेस्ट लिहिली नाही." हे असं आहे! नको ते करू नका, असं सांगणारा डॉक्टर ह्यांना अडाणी वाटतो. मी समितीत भांडले, पत्रक परत घ्या म्हटलं. उत्तर आलं, "कल्याणला वाटून झालं. तिकडे जोरदार चाललंय."

बाबांनी चिठ्ठी काही मागे घेतली नव्हती, म्हणून पूजेच्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरचे एक काका गाऱ्हाण्याला उभे राहिले. मोबाईल काढला आणि पुस्तकी मराठीत वाचू लागले: "हे देवा, आपणांस आमची नम्र विनंती आहे की..." 'व्हय म्हाराजा' म्हणावं की 'मंजूर' म्हणावं, हेच लोकांना कळेना. बाबांनी दोन वाक्यं सोसली. तिसऱ्याला उठले.

"बाजूक हो रे! देवाक काय अर्ज करतंस?"

आणि मग तो आवाज. "बा देवा म्हाराजा! ह्या बिल्डिंगीतल्या लेकरांनी तुझी सेवा केल्यानी हा, ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझे डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू? इतक्यात पुढचं आलं. "आणि ज्येंचे रिपोर्ट येवचे आसत, त्येंचे नॉर्मल येवंदेत म्हाराजा!"

अख्ख्या पूजेत सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा' ह्याला आला. पोरंसोरं, म्हातारे, सेक्रेटरी, सगळे. आणि मीही. वरच्या पट्टीत.

बाबा खाली बसले, गळ्यावर दोन बोटं ठेवून आईला म्हणाले, "उद्या एकदा दाखवून येऊ?"

"आधी शिरा खा," आई म्हणाली.

त्यांनी दोनदा मागून घेतला.