हलके काम

टॅमरॅक सायडिंग या गावात पहाटे पावणेसहाला फोन वाजला की घरातल्या बायका न उचलताच ओळखायच्या, साइमा असणार. आदल्या दिवशी लाकडाच्या मिलमध्ये नवऱ्याचे बोट चेमटलेले असायचे, नाहीतर कंबर धरलेली असायची. साइमा कोस्केला हे तिचे पूर्ण नाव. ती आधी दुखणे विचारायची, मग झोप लागली का ते विचारायची, आणि शेवटी म्हणायची, "येऊ दे त्याला. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. मी गाडी पाठवते."

एकतीस वर्षे ती मिलच्या ऑफिसात होती. आली तेव्हा पगारपत्रके करायची. पुढे तिच्या दारावर 'मनुष्यबळ विभाग' अशी पाटी लागली, पण त्या विभागात माणूस एकच, ती. कोणाला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही आणि तो ते लपवतो, कोणाचा घटस्फोट चालला आहे म्हणून त्याला करवतीपासून दूर ठेवायला हवे, कोणाला चारचौघांत रागावलेले चालत नाही, हे सगळे तिच्या डोक्यात असायचे. रविवारी चर्च सुटल्यावर ती लोकांच्या स्वयंपाकघरात बसून पेन्शनचे अर्ज भरून द्यायची. त्याबद्दल ब्लूबेरीच्या मुरंब्याची एखादी बरणी घ्यायची, तीही आग्रह झाला तर.

मिलच्या फाटकावर एक फलक होता. दुखापतीमुळे कामाचा एकही दिवस बुडाला नाही असे किती दिवस गेले, तो आकडा त्यावर रोज बदलायचा. जखमी माणूस एक दिवस जरी घरी राहिला, तर आकडा शून्यावर. पाचशे दिवस झाले तेव्हा सगळ्यांना हिरवी जॅकेटे मिळाली होती, आणि त्या हिवाळ्यात आइस हॉकीच्या सामन्याला अख्खी एक बाजू हिरवीगार दिसायची. हजाराला याहून भारी जॅकेट मिळणार होते. त्या मार्चमध्ये आकडा नऊशे साठच्या पुढे होता.

तो कसा वाढतो हे गावाला ठाऊक होते. जेवणाच्या खोलीत हीटरजवळ एक खुर्ची होती. जखमी माणूस तिथे बसायचा आणि बादलीतले नटबोल्ट आकारानुसार डब्यांत टाकायचा. संध्याकाळी कोणीतरी ते सगळे पुन्हा बादलीत ओतून ठेवायचे, पुढच्यासाठी. कागदावर याला 'हलके काम' म्हणत. जखमी माणसाला झेपेल असे काम मालकाने द्यावे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे साइमाला यात खोटे काही वाटायचे नाही.

"साइमा, त्या खुर्चीला गादी तरी लाव," फोरमन ल्यूक म्हणायचा. "माणसं आता पाय मोडायची वाट बघतात."

"तुझी जीभ मोडली तर तुलाही बसवीन," साइमा म्हणायची. "महिनाभर मिलमध्ये शांतता राहील."

तिच्या या खुर्चीमागे तिच्या बापाची गोष्ट होती. लाकूडतोडीच्या छावणीत त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. छावणीच्या मालकाने त्याला गाडीत बसवून घरी पाठवले आणि तिथेच संबंध संपला. पुढची अकरा वर्षे तो खिडकीशी बसून होता. सुरुवातीला भेटायला माणसे यायची, मग ती यायची बंद झाली, मग तो बोलायचा बंद झाला. साइमाने त्याला एकेक घोट दारू पीत संपताना पाहिले होते. माणूस घरी बसला की गेला, हे तिचे मत कुठल्या पुस्तकातले नव्हते. म्हणून ती गाडी पाठवायची. खुर्चीत बसलेल्याच्या भोवती निदान चारजण तरी जेवायला यायचे.

रोझेर त्रेपानिए रंधायंत्रावर होता. चोपन्न वर्षांचा, थोराड, हळू बोलणारा. मंगळवारी दुपारी यंत्रातून एक फळी उलटी उसळली आणि त्याच्या हेल्मेटवर कानाच्या वरच्या बाजूला बसली. तो खाली बसला, दोन मिनिटांनी उठला आणि म्हणाला, "झालं, अक्कल ठिकाणावर आली." सगळे हसले. ल्यूकने हेल्मेट पाहिले. त्याला तडा गेला होता. त्याने दुसरे दिले. रोझेर पाळी संपवून घरी गेला.

बुधवारी पहाटे साइमाने फोन केला, तेव्हा त्याच्या बायकोने, फ्लोरेटने, उचलला.

"त्याला दोनदा उलटी झाली गं. डोकं फुटतंय म्हणतो."

"दे बरं त्याला."

रोझेर फोनवर आला. त्याचा आवाज जाड झाला होता. "साइमा, मी म्हणत होतो, आज डॉक्टरकडे जाऊन यावं."

डॉक्टर म्हणजे सत्तर किलोमीटर. जायचे, थांबायचे, यायचे, म्हणजे दिवस गेला. साइमाने घड्याळ पाहिले, आणि तिच्या तोंडून तेच निघाले जे तीस-चाळीस जणांना सांगून झाले होते. "अरे, आधी हजेरी लाव. खुर्चीत बस, हवं तर झोप. पाळी संपली की मी स्वतः नेते तुला."

"बरं," तो म्हणाला. साइमाला नाही म्हणायची गावात कोणाला सवयच नव्हती.

गाडी गेली. रोझेर आला, खुर्चीत बसला. चार-सहा बोल्ट डब्यात टाकले आणि त्याचा डोळा लागला. दहाच्या सुट्टीत लोक आले, तेव्हा तो घोरत होता. ल्यूकने ओठांवर बोट ठेवले. "झोपू द्या रे. फ्लोरेट घरी झोपू देत नसेल." कोणीतरी आपले हिरवे जॅकेट त्याच्या अंगावर टाकले. लोकांनी त्या दिवशी आवाज न करता खाल्ले. साइमा साडेदहाला कॉफी घेऊन आली. घोरणे ऐकून तिला बरे वाटले. चांगली झोप लागलीय, म्हणजे दुखणं उतरतंय, असे ती मनाशी म्हणाली आणि कॉफी परत घेऊन गेली.

बारा वाजता त्याला जेवायला उठवू लागले, तर तो उठेना. ल्यूकने दोन्ही पापण्या वर केल्या. एका डोळ्याची बाहुली बटणाएवढी झाली होती.

हेलिकॉप्टर आले. शहरातल्या डॉक्टरांनी कवटी उघडली, आत साचलेले रक्त काढले. गुरुवारी पहाटे रोझेर गेला. डॉक्टर फ्लोरेटला एवढेच म्हणाले, की सकाळी लवकर आणला असता तर वेगळे बोलता आले असते.

शुक्रवारी दुपारीच मॅनेजर साइमाच्या खोलीत आला. ट्रेंट हॅलोवे त्याचे नाव, दक्षिणेकडून दोन वर्षांपूर्वी आलेला, चाळिशीचा. त्याने दार लावून घेतले. हातात अपघाताचा फॉर्म होता.

"हा तू भर. तुझ्याइतका कोणाला जमत नाही," तो म्हणाला. "मी इथे थोडं लिहून ठेवलंय. बघ."

साइमाने वाचले. कामगाराने घटनेनंतर उपचारांची मागणी केली नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वेच्छेने कामावर आला. त्याला हलके काम देण्यात आले.

"स्वेच्छेने?" ती म्हणाली.

"त्याला दोरीने बांधून आणलं का आपण?"

"मी फोन केला होता, ट्रेंट."

"तू सगळ्यांनाच करतेस. तब्येतीची चौकशी केलीस. त्यात वाईट काय आहे?" तो जरा वाकला. "हे बघ, श्रम खात्याचा निरीक्षक सोमवारी येतोय. मिलला मोठा दणका बसला तर मुख्य ऑफिस ही मिल ठेवेलच असं नाही. दोनशे घरं आहेत. आणि तुला निवृत्त व्हायला किती राहिलं? चौदा महिने? फोनवर काय बोलणं झालं, हे तुम्हा तिघांनाच माहीत. त्यातला एक गेला."

"आणि फ्लोरेट?"

"फ्लोरेटशी मी बोललोय. ती तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही."

तो गेल्यावर साइमा फॉर्म घेऊन बसली. एकतीस वर्षांत तिने असे शेकडो फॉर्म भरले होते. त्यात एक प्रश्न होता: जखमी कामगाराला उपचारांसाठी नेण्याची व्यवस्था मालकाने केली का? पहिल्यांदा डॉक्टरपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची असते, गाडी मालकाची, हे ती नव्या फोरमनना दर वर्षी शिकवायची. बुधवारी गाडी गेली होती. ती मिलकडे वळली होती. साइमाने तो रकाना रिकामा सोडला आणि कोट चढवला.

फ्लोरेटच्या घरी बायका येऊन गेल्या होत्या. टेबलावर मांसाचे सारण भरून भाजलेल्या तीन पेस्ट्र्या आणि कोणीतरी आणलेला खोबऱ्याचा केक तसाच होता. फ्लोरेट दाराशीच तिच्या गळ्यात पडली.

"तू आलीस," ती म्हणाली. "बस. खा काहीतरी, तुझं तोंड बघ कसं झालंय."

साइमा बसली नाही. फ्लोरेट बोलत राहिली. "सगळ्यांना तेच सांगतेय, साइमा. मीच पाठवलं त्याला. त्याला वाकता येत नव्हतं, मी गुडघ्यांवर बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. दोनदा उलटी झालेल्या माणसाला कोणी कामावर पाठवतं का? मी बायको ना? मी म्हणायला हवं होतं, नाही जायचं. मुलगी काल मला तेच म्हणाली. आई, तू कसं गं सोडलंस."

"फ्लोरेट, त्याने मला डॉक्टर मागितला होता."

"माहीत आहे. मी तिथेच उभी होते." तिने नाक पुसले. "तो मॅनेजर येऊन गेला. म्हणाला, साइमाला यात ओढू नका. मी म्हटलं, त्याची काळजी नको. माझ्या आईची पेन्शन कोणी मिळवून दिली? रोझेरचा भाऊ तुरुंगातून सुटून आला, तेव्हा त्याला कामावर कोणी घेतलं? तुझं नाव माझ्या तोंडून येणार नाही. गेलेला तर गेला."

साइमाला वाटले, आता काही न बोलता घरी जावे. तसे केले असते तर कोणी तिला बोल लावला नसता. लावण्यासारखे माहीत असणारी एकच बाई होती, आणि ती तिला केक कापून देत होती.

"तू सोडलं नाहीस त्याला," साइमा म्हणाली. "तू सांगितलंस, उलटी झाली. त्याने सांगितलं, डॉक्टर हवा. दोघांनी सांगितलं. ऐकलं मी, आणि नाही म्हणाले. तो दिवस बुडू नये म्हणून. सोमवारी मी असंच सांगणार आहे. तुला विचारलं तर तूही जसं झालं तसं सांग. आणि मुलीला आजच सांग."

फ्लोरेटने सुरी खाली ठेवली. 

"तुला काय वाटलं होतं?" तिने विचारले. "तेव्हा. फोनवर."

"वाटलं, बसेल आणि बरा होईल. नेहमी होतात."

"तुला तो जॅकेटचा आकडा नाही आठवला?"

साइमा म्हणाली, "आठवला."

फ्लोरेट उठली आणि तिने दार उघडून धरले. बाहेरची थंडी स्वयंपाकघरात शिरली तरी ती तशीच उभी राहिली, साइमा पायऱ्या उतरेपर्यंत.

सोमवारी निरीक्षकाने साइमाचा जबाब घेतला. साधा, थकलेला माणूस होता. त्याने विचारले, "जखमींना अशी हजेरी लावायला बोलवायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"सांगितलं कोणी नाही. सुरू मीच केलं. कळत सगळ्यांना होतं. मुख्य ऑफिसातून येणारे साहेबही त्या खोलीत जेवायचे."

"हे लेखी कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"मग कंपनी म्हणेल, तुम्ही परस्पर केलंत."

"म्हणेल. सुरू मी केलं हे खरंच आहे. बाकीच्यांना माहीत होतं, हेही खरं आहे. दोन्ही लिहा."

त्याने दोन्ही लिहिले. उलटी झाल्याचे फ्लोरेटने आधीच सांगितले होते आणि त्याला वाकता येईना म्हणून तिने त्याच्या नाड्या बांधल्या होत्या, हेही साइमाने सांगितले. घरून त्याला कोणी ढकलले नव्हते, हे कुठेतरी कागदावर यावे म्हणून. तिने सही केली.

पंधरा दिवसांनी कंपनीने तिला काढले. धोरणाचा भंग, असे पत्रात होते. असे धोरण असल्याचे तिने प्रथमच त्या पत्रात वाचले. मिलवर खटला चालला, दंड झाला, मिल मात्र बंद पडली नाही. हजाराची जॅकेटे कधीच आली नाहीत आणि त्याचा राग काहीजण कितीतरी दिवस साइमावर धरून होते. ल्यूक तिला पाहिले की रस्ता ओलांडायचा. त्याला राग नव्हता. त्या दिवशी ओठांवर बोट त्यानेच ठेवले होते.

पेन्शनचे अर्ज घेऊन रविवारी तिच्याकडे येणारे हळूहळू थांबले. ती खिडकीशी बसायची नाही, एवढे एक तिने ठरवून पाळले. रोज दुपारी पोस्टापर्यंत चालत जायची, पत्र असो वा नसो.

जूनमध्ये एकदा पोस्टाच्या रांगेत तिच्या पुढे फ्लोरेट आणि तिची मुलगी होत्या. कोणीतरी बाहेरगावची बाई सांत्वन करत होती आणि म्हणत होती, असा आजारी माणूस घरून निघूच द्यायला नको होता. फ्लोरेटने उत्तर द्यायच्या आधी मुलगीच म्हणाली, "आईने सांगितलं होतं त्यांना. बाबांनीही सांगितलं होतं." तिने आईच्या दंडाला धरले. दोघी वळल्या, तेव्हा त्यांना साइमा दिसली. फ्लोरेट तिच्या बाजूने, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून, निघून गेली. खिडकीतल्या माणसाने साइमाला दोनदा विचारले, काय हवंय.