जहाजाला अटक

फोन सासूबाईंनी घेतला. मी ओट्याशी डबे भरत होते. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "अटक? कोणाक?" आणि पाठोपाठ फोन जमिनीवर आपटला. धावत गेले तर त्या सोफ्याला टेकून खालीच बसल्या होत्या. "काय केल्यान माझ्या झिलान?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. डोंबिवलीत इतकी वर्षं काढली तरी घाबरल्या की त्या मालवणीवर येतात.

फोन चालूच होता. पलीकडून नवरा ओरडत होता, "अगं, मला नाही! जहाजाला अटक झालीय, जहाजाला!"

मी चक्क हसले. जहाजाला कोण अटक करणार आणि बेड्या घालणार तरी कुठे?

माझा नवरा जहाजावर सेकंड इंजिनियर आहे. मोठ्या, देशोदेशी फिरणाऱ्या बोटी नाहीत ह्या. समुद्रातल्या तेलविहिरींना पाइप, सिमेंट, पिण्याचं पाणी, भाजीपाला नेऊन देणारी लहान जहाजं. त्याच्या मालकाची अशी तीन होती, तिन्ही एकाच साच्यातली, केशरी रंगाची. ती तिन्ही गहाण ठेवून मालकानं एका परदेशी कंपनीकडून कर्ज काढलं होतं. हप्ते थकले. कर्ज देणारे हायकोर्टात गेले आणि कोर्टानं तिन्ही जहाजांना अटक करायचा हुकूम दिला. कोर्टाचा बेलिफ लाँचमधून आला, शिडीवरून वर चढला आणि जिथून जहाज चालवतात त्या खोलीच्या काचेवर हुकमाचा कागद चिकटवून गेला. आता कोर्टाच्या परवानगीशिवाय जहाज जागचं हलणार नव्हतं. मुंबईच्या बाहेर समुद्रात नांगर टाकून तिथंच उभं राहायचं.

"मग तू घरी ये ना," मी म्हटलं.

"तसं नाही येता येत. रिकामं जहाज समुद्रात सोडता येत नाही. निम्मे लोक उतरलेत. इंजिनाला कोणीतरी लागतं. चीफ इंजिनियर आजारी पडून आधीच घरी गेलेला. मी राहिलोय."

पहिले काही दिवस खरं तर बरे गेले. एरवी तो रेंजच्या बाहेर असायचा. आता रोज फोन यायचा. सासूबाई त्याला काय जेवलास ते विचारायच्या. मी लॅबमधून आले की त्याच्याशी निवांत बोलायचे. मी डोंबिवलीतल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त काढणं हे माझं काम. माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणतात.

मग त्याचे फोन आखूड व्हायला लागले. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मालक फोन उचलत नाहीये. जहाजावर डिझेल येत नाही. जनरेटर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चालवतात, तेवढ्यात स्वयंपाक उरकायचा, पाणी चढवायचं, फोन चार्ज करायचे. भाज्या संपल्या होत्या. डाळ-भात होता.

"डिझेल राखून ठेवतोय," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"लागलंच तर इंजिन चालू करायला."

"उभ्या जहाजाला इंजिन कशाला लागतं?"

"जोराचा वारा सुटला की कधी कधी नांगर सरकतो. मग इंजिनाचा जोर लावून जहाज जागेवर धरायचं असतं. पण होत नाही तसं."

मे महिना अर्धा उलटला होता. वर गच्चीवर शेजारणींचे पापड वाळत होते आणि मी आकाशाकडे बघायला लागले. खाडीकडून वारा आला की हातातलं काम टाकून खिडकीशी जायचे. आमच्याकडे एमआयडीसीचा वास कुठल्या बाजूनं येतो त्यावरून वारा कळतो. इतकी वर्षं मी त्या वासाला नुसती नाकं मुरडत होते. आता तो कधी फिरतो ह्याची वाट बघायचे.

मालकाचं ऑफिस ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत होतं. अर्धी रजा टाकून मी तिथं गेले. आत दोनच माणसं, एक हिशेब बघणारे गृहस्थ आणि एक रिसेप्शनची मुलगी. तिचंही टेबल आवरून झालेलं. त्या गृहस्थांनी मला पाणी दिलं.

"साहेब कुठे आहेत ते मला खरंच ठाऊक नाही," ते म्हणाले. "आणि ताई, आता जहाजं आमच्या हातात नाहीत. कोर्टाच्या हातात आहेत. तुम्ही बँकेवाल्यांच्या वकिलाला गाठा." ते कर्ज देणाऱ्यांना बँकेवालेच म्हणत होते. त्यांनी वकिलांचं नाव मला मोबाइलवर टाइप करून दिलं आणि हळूच म्हणाले, "हवामानाचं बघताय ना?"

मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून उठले.

हायकोर्टात मी आयुष्यात कधी गेले नव्हते. दगडी जिना, काळे कोट, भराभर इंग्रजी. कोणाला काय विचारायचं ते सुचेना. शेवटी एका शिपायानं बोट दाखवलं. वकील बाई होत्या, माझ्याच वयाच्या, हातात फायलींचा ढीग. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाठ करून आलेलं सगळं विसरले.

"मॅडम, माझा नवरा तुमच्या जहाजावर आहे," एवढंच तोंडातून आलं.

"कुठल्या?"

मी नाव सांगितलं.

त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण क्रू उतरलाय ना? मला तसं सांगितलंय."

"निम्मे उतरलेत. बाकीचे आहेत. तिन्ही जहाजांवर आहेत. डिझेल संपत आलंय मॅडम. वादळ येणार म्हणतात."

बाईंनी हातातल्या फायली बाकावर ठेवल्या. मग म्हणाल्या, "इथेच थांबा, कुठे जाऊ नका." त्या दिवशी त्यांची दुसरीच कुठली तरी केस होती. पण ती संपल्यावर त्यांनी न्यायाधीशांसमोर उभं राहून हा विषय काढला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. न्यायाधीश कडक आवाजात काहीतरी बोलले. मला एकच शब्द नीट कळला, 'टुडे'. बाहेर आल्यावर बाईंनी मराठीत समजावलं. कर्ज देणाऱ्यांनीच आता स्वतःच्या खर्चानं तिन्ही जहाजांना डिझेल, पाणी आणि अन्न ताबडतोब पोचवायचं. नंतर तो खर्च जहाजांच्या विक्रीतून वळता होईल.

"उद्या सकाळी डिझेलची बार्ज निघेल," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन शांत झोपा."

झोपले मी. पण उजाडल्यावर नवऱ्याचाच फोन आला. समुद्र खवळला होता. डिझेलची बार्ज धक्क्यावरून निघालीच नाही. हुकूम होता, डिझेलही होतं, फक्त ते जहाजापर्यंत जात नव्हतं.

मी लॅबमध्ये गेले. घरी बसून सासूबाईंसमोर चेहरा सांभाळणं मला जमलं नसतं. उपाशीपोटीच्या टेस्टवाल्यांची रांग होती. बाहेर भर सकाळी अंधारून आलेलं, रिक्षांचे दिवे लागलेले, कुठल्या तरी दुकानाचा पत्रा धाडधाड आपटत होता. दहाच्या सुमारास मेसेज आला, 'नांगर सरकतोय. इंजिन लावतोय. नंतर बोलतो.' त्यानंतर त्याचा फोन लागेना.

समोर एक काकू बाही वर करून बसल्या होत्या. मी पट्टा बांधला, सुई हातात घेतली आणि मला शीरच दिसेना. काकूंनी माझ्या मनगटावर आपला दुसरा हात ठेवला. "ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि सामानाच्या खोलीत जाऊन खोक्यांच्या मधे बसले. रडू येत नव्हतं. दात वाजत होते, एवढ्या उकाड्यात. एकच विचार डोक्यात, की तो आत्ता खाली इंजिनरूममध्ये असणार, आणि खालच्या माणसाला वर यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

लॅबच्या डॉक्टरांनी मला रिक्षात बसवून घरी पाठवलं. दारातच टीव्हीचा आवाज आला. सासूबाई टीव्हीसमोर, अगदी काचेला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. कोणीतरी किनाऱ्यावरून मोबाइलवर काढलेलं चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. खडकांवर एक केशरी जहाज आडवं पडलेलं, लाटा त्याच्यावरून जातायत. चित्र हलत होतं. नाव वाचता येत नव्हतं. बातमी देणाराही नाव न घेता नुसतं 'एक जहाज' म्हणत होता.

"ता आपला न्हय," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून आई?"

"न्हय म्हणतंय ना मी!" त्या माझ्यावर ओरडल्या. तोपर्यंत त्या मला कधी ओरडल्या नव्हत्या. मग आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून तिथंच उभ्या राहिलो, त्या जहाजाकडे बघत. वकीलबाईंना फोन लावला, त्यांनाही कळलं नव्हतं. ठाण्याच्या ऑफिसात कोणी उचलला नाही.

दुपार कलल्यावर फोन वाजला. "आहे मी," तो म्हणाला. आवाज घोगरा, अनोळखी. "डिझेल पुरलं. कॅप्टननं दुसराही नांगर टाकला. आम्ही उभे आहोत."

खडकांवर होतं ते त्याच मालकाचं दुसरं जहाज. त्याचं डिझेल आदल्या दिवशीच संपलं होतं. नांगर सुटल्यावर ते वाऱ्याबरोबर वाहत गेलं, आणि जाताना माझ्या नवऱ्याच्या जहाजाच्या इतकं जवळून गेलं की रेलिंगला धरून उभी असलेली माणसं ओळखू येत होती. हे त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं. इंजिनाला वरून हवा नीट जातेय ना ते बघायला तो दोन मिनिटं वर आला होता, नेमका तेव्हाच. त्या जहाजावरचा कुक हात हलवत होता. पूर्वी दोघं एकाच बोटीवर होते. "मला वाटलं, दोर टाका म्हणतोय," तो म्हणाला. "पण आमचंच जहाज धरत नव्हतं. कॅप्टन ओरडले, खाली जा, आणि मी खाली गेलो." हेलिकॉप्टरनं तिथली माणसं काढली. कुक तेवढा मिळाला नाही.

समुद्र निवळल्यावर डिझेल पोचलं, भाजी पोचली, सगळं पोचलं. कोर्टानं पहाऱ्याला दुसरी माणसं नेमली आणि आमची सुटली. मी धक्क्यावर घ्यायला गेले होते. लाँचमधून उतरताना त्यानं माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ताट वाढलं. तो जेवला. मग झोपला. पंखा बंद झाला, वीज गेली, की दचकून उठायचा आणि अंधारात कान लावून बसायचा. मी पाठीवर हात ठेवायचे.

पुढे उरलेली दोन जहाजं कोर्टानं लिलावात काढली. कर्ज देणाऱ्यांना त्यांचं मिळालं, खलाशांनाही थकलेलं मिळालं, वकीलबाईंनी ते मनावर घेतलं म्हणून. त्याचं जहाज दुसऱ्या एका कंपनीनं घेतलं, रंग बदलला, नाव बदललं. आणि त्यांनी ह्यालाच बोलावलं. ते इंजिन ह्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मधल्या काळात तो कल्याणला एका कारखान्यात बॉयलरवर जात होता. मला वाटलं, नाही म्हणेल. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जाऊ?"

सासूबाई म्हणाल्या, "मी सांगतलंय तर तू ऱ्हवतलंस?" आणि आपण सांगून तो थांबणार नाही हे ठाऊक असल्यासारख्या उठून आत गेल्या.

नवीन कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा तो मी घेतला. सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "एक सांगाल का? जहाज गहाण आहे का?"

तो माणूस हसला. कुत्सितपणे नाही, सहज हसला. "मॅडम, गहाण नसलेलं जहाज तुम्हाला कुठे मिळणार?"

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्या बॅगेत घालायचे कपडे इस्त्री करायला घेतले.