हातानं ठोकलेला नंबर

सुथिनच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असायच्या. एक पेन्सिलीचा तुकडा आणि एक दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक. चुंबक गाडीच्या पत्र्याला लावायचं. धरलं तर पत्रा, घसरलं तर आत पुट्टी, आणि पुट्टी म्हणजे कधीतरी गाडी कुठंतरी आदळलेली. मेहुण्यानं नवी पिकअप घेतली तेव्हा भिक्खू आत बसून छताला मंगलचिन्हं काढत होते आणि सुथिन बाहेर चाकाच्या कमानीवरून चुंबक फिरवत होता. मेहुण्यानं त्यानंतर दोन वर्षं त्याला सणाला बोलावलं नाही.

उत्तरादित शहरात नदीकाठच्या रस्त्यावर एक खाजगी तपासणी केंद्र आहे. सात वर्षांहून जुनी गाडी कर भरण्याआधी तिथं पास करून घ्यावी लागते. सुथिन तिथला तपासनीस. ब्रेक, दिवे, धूर या गोष्टी यंत्र बघतं. सुथिन बघायचा तो नंबर. चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, कारखान्यात ठोकलेला नंबर ब्रशनं घासायचा, त्यावर पेन्सिल फिरवायची, चिकटपट्टी लावून ठसा उचलायचा आणि तो गाडीच्या नोंदणीच्या निळ्या पुस्तकाशेजारी ठेवून एकेक आकडा जुळवायचा. बाकीचे तपासनीस दोन मिनिटांत उरकायचे. सुथिनला वीस लागायची.

एकदा एक पोरगेलासा दुकानदार लाल पिकअप घेऊन आला. मागच्या काचेवर चिठ्ठी होती, 'ही गाडी पांढरी आहे.' मालकाच्या जन्मवाराला लाल रंग वर्ज्य असला की लोक अशी चिठ्ठी लावतात. सुथिनलाही हे माहीत होतंच.

"पुस्तकात कुठला रंग?" त्यानं विचारलं.

"लाल. काका, ती चिठ्ठी ज्योतिषानं सांगितली म्हणून."

"म्हणजे गाडी एक सांगते, चिठ्ठी दुसरं. तिसरंही काही असेल."

"तिसरं काय असणार?"

सुथिननं दाराच्या बिजागरीजवळ नखानं खरवडलं. खाली हिरवा निघाला. दुकानदार त्या हिरव्याकडं बघतच राहिला. ज्याच्याकडून त्यानं गाडी घेतली होती त्यानं शपथेवर सांगितलं होतं, हा मूळचाच रंग.

अशा गोष्टींमुळे लोक सुथिनला हसायचे आणि जुनी गाडी घ्यायच्या आधी गुपचूप त्याच्याकडंच यायचे. त्याची बायको लामदुआन बाजारात भाज्या भरून गुंडाळलेल्या वाफेच्या तांदूळपोळ्या विकते. ती म्हणायची, "हा लग्नाआधी माझ्या दातांना चुंबक लावून गेला असता. आईनं चहा देऊन बसवलं म्हणून राहिलं."

पण या माणसाच्या आयुष्यात एक गाडी अशी होती जिच्याकडं त्यानं कधी संशयानं पाहिलं नाही. ती त्याची स्वतःची. पंचेचाळीस वर्षांची छोटी जपानी पिकअप. त्या ठेवणीच्या गाडीला तिकडं सगळे 'हत्तीनं तुडवलेली' म्हणतात. बावीस वर्षांपूर्वी त्यानं ती प्लुआंगमास्तरांकडून घेतली. मास्तरांचं लप्ले गावाच्या वाटेवर गॅरेज होतं. सुथिन त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होता. वेल्डिंग, व्हॉल्व्हचं सेटिंग, कमानपट्टे चढवणं, आवाजावरून बेअरिंग ओळखणं, सगळं तिथलं. तोंडावर जाऊ नकोस, लोखंडावर जा, हेही तिथलंच. मास्तर देतायत म्हटल्यावर सुथिननं बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. किल्ली घेतली आणि निघाला. पुढं दर वर्षी केंद्रावर तिच्या कागदावर त्यानं स्वतः सही केली, ठसा न घेताच.

यंदा उन्हाळ्यात इंजिनाचा ब्लॉक तडकला. लामदुआन म्हणाली, "विकून टाक भंगारात." सुथिन ऐकेना. फित्सानुलोकला जपानमधून आलेल्या जुन्या इंजिनांचं मोठं आवार आहे. तिथं दोन दिवस फिरून, अकरा इंजिनांचे प्लग काढून, पिस्टनवर टॉर्च मारून त्यानं एक निवडलं. इंजिन टेकवायच्या खुंट्या नव्यानं बनवल्या, गिअरबॉक्सला जोडणारी पट्टी लेथवर कातून घेतली, रेडिएटर चार बोटं पुढं सरकवला. गाडी सुरू झाली तेव्हा शेजारचे बघायला आले. आता इंजिन बदललं म्हणजे पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवायला हवा, आणि त्यासाठी वाहतूक कार्यालयात चासीचा ताजा ठसा हवा.

शनिवारी सकाळी त्यानं उजवं पुढचं चाक काढलं. चासीवर काळ्या रंगाचे चार थर होते. ते खरवडले, ब्रश मारला, पेन्सिल फिरवली, पट्टी उचलली. सवयीनं ठसा उजेडात धरला, आणि तो खाली ठेवायचं त्याला सुचेना.

कारखान्याचे आकडे एका ओळीत, एका खोलीचे असतात. हे आकडे नाचत होते. एक वर, एक खाली. प्रत्येक आकडा वेगळा धरून हातोडीनं ठोकलेला. शिवाय त्यातल्या चाराचा पाय तुटका होता. तो चार सुथिनला पाठ होता. मास्तरांच्या आकडे ठोकायच्या छापांच्या पेटीतला चार एकदा ऐरणीवरून पडून तुटला होता आणि पाडणारा सुथिनच होता. बोटभर अंतरावर, रंगाखाली, वेल्डिंगची जाड शिवण होती.

चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचा नंबर चढवायचा तर असाच चढवतात. त्यानं स्वतः अशा सतरा गाड्या पकडल्या होत्या.

लामदुआननं जेवायला हाक मारली. हा आला नाही. ती बाहेर आली.

"काय निघालं, थिन? साप?"

"नंबर खोटा आहे."

"कुणाच्या गाडीचा?"

"आपल्या."

ती हसली आणि मग त्याचा चेहरा पाहून जवळ आली. "जप्त होईल?"

"होऊ शकते."

"मग रंग लाव परत. मी काही पाहिलं नाही." जरा थांबून म्हणाली, "तुझ्यानं होणार नाही ते. माहितेय मला."

गाडीचं काय व्हायचं ते होवो, ती लोखंडाची होती. पण मास्तर चोर होते का? या एका प्रश्नावर त्याची सहा वर्षांची उमेदवारी आणि पुढची सगळी नोकरी टांगलेली होती. त्यानं चाक बसवलं आणि तसाच लप्लेच्या वाटेला लागला.

मास्तर आता ब्याऐंशीचे. घरापुढं बांबूच्या बाकावर बसून दुरियनच्या फळझाडांच्या फांद्यांना बांधायच्या दोऱ्या वळत होते. सुथिननं हात जोडून नमस्कार केला आणि चिकटपट्टीचा ठसा समोर ठेवला. मास्तरांनी तो उचललासुद्धा नाही.

"बावीस वर्षं लागली तुला," ते म्हणाले.

"मास्तर, गाडी चोरीची होती?"

"बस आधी."

"उभाच बरा आहे."

मास्तरांनी दोरी खाली ठेवली. "तू गॅरेज सोडलंस त्याच्या पुढच्या हंगामात डोंगरावरून दुरियन उतरवत होतो. नको तेवढा माल भरला होता. तिसऱ्या वळणावर चासी मोडली, पुढच्या चाकांच्या मागं. हंगामाचे अकरा दिवस राहिलेले, झाडावर माल पिकलेला. त्रोन गावच्या एका भातगिरणीची तसलीच गाडी मागून चेपून पडली होती. तिचा पुढचा भाग विकत घेतला, कापून जोडला. त्यावर तिचा नंबर होता. तो घासला आणि माझ्या गाडीचा ठोकला. कार्यालयात गेलो असतो तर तीन महिने गेले असते."

"कागद?"

"कसला?"

"विकत घेतल्याचा. गिरणीवाल्याची चिठ्ठी, काहीही."

"तो मेला. गिरणी मोडली. कागद तेव्हाही नव्हता." मास्तर त्याच्याकडं बघत म्हणाले, "लप्लेत उभा आहेस तू. वेशीच्या कमानीवर पाटी आहे, इथं खोटं बोलायला बंदी आहे."

"पाटी कमानीच्या आतल्यांसाठी, मास्तर. तुमचं घर कमानीच्या अलीकडं आहे."

मास्तर मोठ्यानं हसले. एकटेच. मग हसू ओसरलं. "विकताना सांगितलं का नाही, हेही विचार."

"का नाही सांगितलं?"

"जगाच्या गाड्यांखाली तू वाकून वाकून बघायचास. माझ्या गाडीची किल्ली मात्र मुकाट घेतलीस. मला बरं वाटलं रे. म्हटलं, कशाला बिघडवा." ते पुन्हा दोरी वळू लागले. "आता माझा शब्द आहे तुझ्यापाशी. त्याचं काय करायचं ते कर."

सुथिननं रात्रभर नाही, पण घरी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात ठरवलं. पोलिसांचे तज्ज्ञ घासलेल्या जागेवर आम्ल लावून खालचा पुसलेला नंबर वर आणतात. हे काम त्यानं किती वेळा शेजारी उभं राहून पाहिलं होतं. आम्लाची बाटली मिळवणं अवघड नव्हतं. पण स्वतःच्या गाडीबद्दल स्वतःच काढलेल्या निकालावर त्याचा भरवसा नव्हता. सोमवारी त्यानं गाडी वाहतूक कार्यालयात नेली आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाला, "नंबर हातानं ठोकलाय. तपासायला पाठवा."

बाई त्याला ओळखत होत्या. "कुणाला पकडलंत आज, थिनकाका?"

"पुस्तकावर मालकाचं नाव आहे."

बाईंनी नाव वाचलं आणि गाडी आवारात लावायला सांगितली.

गाडी सव्वीस दिवस आवारात उभी राहिली. लामदुआनच्या टोपल्या शेजाऱ्याच्या बाजूगाडी लावलेल्या मोटरसायकलवरून बाजारात जाऊ लागल्या. ती रोज एकदा तरी म्हणायची, "प्रामाणिक नवऱ्यापेक्षा चार चाकं बरी." सुथिन ऐकून घ्यायचा. त्याचं लक्ष दुसरीकडंच होतं. जुन्या आठवणी एकेक करून काढायचा आणि त्यांना चुंबक लावून बघायचा. मास्तरांनी गाडी इतकी स्वस्त का दिली? द्यायच्या आदल्या आठवड्यात चासीला काळा रंग का मारला? नेमकी मलाच का, अनोळखी गिऱ्हाईक आलं होतं त्याला का नाही? अनोळखी माणसानं वाकून पाहिलं असतं म्हणून? मास्तरांनी पहिल्या पगाराला दिलेला पान्यांचा संच कपाटात होता. एका दुपारी तोही काढून त्यानं उलटापालटा करून पाहिला, त्यावर कुणाचं नाव घासलंय का. नव्हतं. पण संच परत ठेवताना त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही एक पाना राहिला होता म्हणून त्यानं तोही पाहिला.

सत्ताविसाव्या दिवशी बाईंचा फोन आला. खालचा नंबर वर आला होता. तो त्रोनच्या एका भातगिरणीच्या नावावर होता. मागून ट्रकनं धडक दिल्यामुळं गाडी मोडीत काढल्याची नोंद होती, मास्तरांनी सांगितलेल्या हंगामाच्या तीन महिने आधीची. चोरीची तक्रार कुठंही नाही.

सुथिन केंद्राच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि नाक शिंकरून परत आला.

"गाडी सुटेल," बाई म्हणाल्या होत्या, "दंड थोडा होईल. पण ज्यानं नंबर ठोकला त्याचा सही केलेला जबाब हवा. ओळखपत्राची प्रत जोडून."

तो छापील कागद घेऊन सुथिन लप्लेला गेला तेव्हा त्याच्या चालण्यात घाई होती. लांबूनच ओरडला, "मास्तर! खरं निघालं!"

"काय खरं निघालं?"

"तुम्ही सांगितलं ते. गिरणीची गाडी, मोडीत काढलेली. सगळं नोंदीत आहे."

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "मीच होतो तिथं."

सुथिननं कागद पुढं केला. मास्तरांनी सुनेला चष्मा आणायला सांगितला. कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग सुनेला मोठ्यानं वाचायला लावला.

"ही खाली मोकळी जागा कशाला?"

"छापील आहे, मास्तर. सगळ्या कागदांवर असते."

"सही झाल्यावर तिथं कुणी काही लिहिलं तर?"

"कोण लिहिणार?"

"ते मी कसं सांगू? रेघ मार."

सुथिननं रेघ मारली. मास्तरांनी आणखी एक मोकळी जागा दाखवली. तिथंही मारली. मास्तरांनी सही केली. मग ओळखपत्राची प्रत आली. तिच्यावर त्यांनी पट्टी धरून दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि मध्ये सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फक्त सुथिनच्या गाडीच्या नंबरासाठी. दुसऱ्या कशालाही वापरू नये.' खाली तारीख घातली. घड्याळ बघून वेळही.

"आता या जबाबाची एक प्रत मला."

प्रती काढायचं दुकान बाजारात होतं. सुथिन गेला आणि परत आला. मास्तरांनी मूळ कागद आणि प्रत मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक ओळ बोटानं जुळवत खाली आले. सुथिन उभा होता. या वेळी त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मास्तरांनी मूळ कागद त्याला दिला, प्रत पत्र्याच्या डब्यात ठेवली, डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरून एकदा चाचपून पाहिली.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मास्तर."

"मग बस," ते म्हणाले, आणि सुनेला ताट आणायला हाक मारली.